कोणत्याच फोनवर नाही

घर भाड्यानं देताना माणसं काय काय विचारतात! नोकरी पक्की आहे का, लग्न कधी करणार, अंडी शिजवता का. काकूंनी मला चपलेपासून वेणीपर्यंत न्याहाळलं आणि एवढंच विचारलं, "मॅडम, सिरीयल पाह्यता का?"

मी तेव्हा कॉलेजात शिकवायला नव्यानं लागले होते आणि नव्यानं लागलेल्या माणसाला असतो तेवढा माज मला होता. म्हटलं, "छे! मी तसलं काही बघत नाही."

"मंग नाई जमत," काकू म्हणाल्या आणि दार लोटायला लागल्या.

त्या आठवड्यात यवतमाळातली सात घरं पाहून माझ्या चपलेचा अंगठा तुटला होता. मी दाराला हात लावला. "बघेन," म्हटलं, "शिकेन." अशी मी त्यांच्या वरच्या खोलीत राहायला गेले. अट एकच होती, दुपारी तीनला खाली हॉलमध्ये हजर. कॉलेज सकाळचं, एकला मी घरी. त्यामुळे सांगायला सबबही नव्हती.

काकू तहसील कचेरीतून निवृत्त झाल्या होत्या. बत्तीस वर्षं आवक-जावक टेबल. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी नागपूरला तिच्या संसारात. कचेरी सुटली तरी कचेरीची भाषा काही सुटली नाही. मालिकेतल्या नणंदेनं दुधात मीठ टाकलं की काकू गंभीर चेहऱ्यानं म्हणायच्या, "या बाईवर तातडीनं कार्यवाही झाली पायजे." हिरो चार दिवस नुसता खिडकीशी उभा राहिला की म्हणायच्या, "प्रकरण प्रलंबित हाये." एकदा नायिका न वाचताच कागदावर सही करायला निघाली, तेव्हा काकूंनी हातातला कापसाचा गोळा टीव्हीवर फेकला. "अवं वाच! वाच आधी! सही करून राह्यली, बिनडोक!" नायिकेनं सही केलीच. मग दोन दिवस काकू टीव्हीकडे पाठ करून बसल्या. ऐकलं सगळं, पण तिचं तोंड पाहिलं नाही.

तीनला हॉल भरायचा. गल्लीतल्या आठ-नऊ बायका. सगळ्यांच्या घरी टीव्ही होते, तरी यायच्या. प्रत्येकीनं हाताला काम घेऊन यायचं, हा काकूंचा नियम. कुणी सांबार, म्हणजे इकडची कोथिंबीर, निवडायचं, कुणी तुरीच्या शेंगा सोलायचं, आणि ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना काकू सरकीचा कापूस आणि वाती वळायचं ताट द्यायच्या. म्हणायच्या, "रिकाम्या हातानं पाह्यलं का माणूस झोपते."

जाहिराती लागल्या की काकू आवाज बंद करायच्या आणि पंचायत बसायची. पुढे काय होईल ते प्रत्येकीनं सांगायचं. "मला काय माहीत बाई" असं म्हणायची सोय नव्हती. मी पहिल्याच दिवशी म्हटलं, तर माझ्यावर डोळे वटारून म्हणाल्या, "मॅडम, माहीत नसन तं अंदाज सांगा. डोकसं काय वरच्या खोलीत ठेवून आल्या?" मग नणंद पकडली जाईल की नाही यावर अशी भांडणं व्हायची, की मालिका परत सुरू झाल्याचं कुणाच्या लक्षात यायचं नाही.

मला हे सगळं आधी भारी हास्यास्पद वाटायचं. माझ्या लॅपटॉपवर जगातल्या चांगल्या मालिका होत्या, मी रविवारी दार लावून त्या बघायची. एका सोमवारी डोळे सुजलेले पाहून काकूंनी विचारलं, "रडल्या का वं?"

"नाही हो, काल एक मालिका पूर्ण संपवली. आठ भाग."

"एका दिवसात? कोनाची हाये?"

"एका पोलिसाची. त्याचा मित्रच मारतो त्याला शेवटी."

"नाव काय होतं त्याचं?"

मी तोंड उघडलं. नाव आठवेना. मित्राचंही आठवेना. काकू वाती वळत माझ्याकडे पाहत राहिल्या. "आठ भाग पाह्यले," त्या म्हणाल्या, "अन् मेलेल्या मानसाचं नाव याद नाई. मयतीले गेल्त्या का जेवाले?" मला राग आला. राग अशासाठी, की त्या दिवशी जिन्यावरून वर जाईपर्यंत मी ते नाव आठवत होते आणि ते आठवलं नाहीच.

आता वैशालीचं सांगते, कारण ही गोष्ट खरं तर तिच्या एका तासाची आहे.

वैशाली समोरच्या घरची सून. माहेर मुकुटबनचं, बापाचं कापसा-तुरीचं वावर. वय चोवीस-पंचवीस. तिचा नवरा लोहाऱ्याच्या एमआयडीसीत पाळीवर जायचा आणि सासू गुडघ्यांमुळे दिवसभर दाराजवळच्या खुर्चीत बसून असायची. वैशालीनं बाजारात जायचं ते नवऱ्यासोबत, देवळात जायचं ते सासूसोबत, माहेरी जायचं ते दिवाळीला. मारहाण नाही, उपासमार नाही. विचारलं असतं तर त्या घरातलं कुणीही म्हणालं असतं, "तिले काय कमी हाये?" फक्त दार ओलांडायला कारण लागायचं. आणि तीन ते चार, काकूंकडची सिरीयल, हे एकच कारण त्या घरात मंजूर झालं होतं. ते काकूंनी कसं मंजूर करून घेतलं कुणास ठाऊक. सासूला सांगितलं म्हणे, की देवळाच्या वाती वळायला एक तरुण हात हवा.

तीनला पाच मिनिटं कमी असताना वैशाली गल्ली ओलांडून पळत यायची. अवघ्या पंधरा पावलांची गल्ली, पण पळतच यायची. आमच्यात सगळ्यात मोठ्यानं हसायची तीच, आणि सगळ्यात भन्नाट अंदाजही तिचेच. पहिल्या जाहिरातीला काकू तिला न चुकता म्हणायच्या, "वैशाली, चहाचं पाह्य वं." आणि ती आत जायची. एकदा मी पाणी प्यायला गेले तर चहा ओट्यावर आपला आपण उकळत होता आणि वैशाली काकूंच्या फोनवरून आईशी बोलत होती. घरच्या फोनवर बोलायचं तर सासूसमोर बोलावं लागायचं. मला बघून ती दचकली. मी पाणी न पिताच बाहेर आले. काकूंनी नुसतं माझ्याकडे पाहिलं, आणि मी वातींचं ताट मांडीवर ओढलं.

मग घराघरात भिंतीवर टांगायचे ते मोठे, नेटवाले टीव्ही आले. हातातल्या फोनवर तर सगळंच आलं. एक बाई हॉलमध्ये येऊन पंचायतीत नुसती गालात हसत बसायला लागली. काकूंनी खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "आजचा भाग मी सकाळीच पाह्यला नं काकू, फोनवर टीव्हीच्या आधी येते."

"पेपर फुटला," काकू म्हणाल्या. त्या दिवशी पंचायत बसली नाही.

दुसरी यायची बंद झाली, कारण तिला जाहिराती नसलेलं आवडायला लागलं. तिसरीनं सांगितलं की ती आता दीडपट वेगानं बघते, स्वयंपाक करता करता. काकूंना ते कितीतरी वेळ समजलंच नाही. समजल्यावर भडकल्या. "त्या माय-लेकी चार वर्षांनी भेटून रडून राह्यल्या, अन् तू त्याइले दीडपट पयवते? तुह्या घरी कोनी रडलं तं त्यालेबी पयवशीन का?"

पण भडकून काय होणार? आठाच्या पाच झाल्या, पाचाच्या तीन. आणि मग एका सोमवारी समोरच्या घरी भलामोठा टीव्ही आला. वैशालीच्या नवऱ्यानं हौसेनं आणला होता. सगळ्या गल्लीला पेढे दिले. मला म्हणाला, "मॅडम, आता हिले कोनाच्या घरी जाची गरजच नाई. घरबसल्या सारं." तो खरंच खूश होता हो! बायकोसाठी काहीतरी मोठं केलं असंच त्याला वाटत होतं. म्हणून तर त्याला काही बोलताही येईना.

वैशाली मंगळवारी आली नाही. बुधवारी नाही, गुरुवारी नाही. खिडकीच्या गजाआडून दिसायची, त्या टीव्हीच्या उजेडात बसलेली. बाजूला सासू.

शुक्रवारी मालिका ऐन रंगात असताना काकू उठल्या आणि त्यांनी वायर ओढली. टीव्ही काळा झाला. आम्ही तिघी बघतच राहिलो. काकूंनी तो उचलून कोपऱ्यात नेला, त्यावर जुनी चादर टाकली आणि चादरीवर लोणच्याची बरणी ठेवली. मग पदर खोचून बाहेर पडल्या. दारोदार. प्रत्येक दारात उभं राहून एकच सांगितलं, "सोमवारपासून माह्या घरी नवीन सिरीयल हाये. मीच सांगतो. ही कोन्त्याच फोनवर भेटनार नाई. याचं असन तं या, नाई तं बसा आपल्या डब्यापुढं."

समोरच्या घरी सगळ्यात शेवटी गेल्या. मी मागे होते. सासूला म्हणाल्या, "वैनी, तुमचे गुडघे दुखते. तुमाले काही चालून येनं होत नाई. सुनेले पाठवजा, ते ऐकून येइन अन् तुमाले सांगन."

सासू म्हणाली, "घरी एवढा टीव्ही हाये न बाई. कायले?"

"त्याच्यात आपल्या इकडची तलाठीन बाई हाये का? भर जंगलातल्या गावात एकलीच रुजू झाल्ली?"

सासूनं विचार केला. "तलाठीन?" म्हणाली. "मंग गावचा पाटील काय म्हन्ते?"

"सोमवारी समजन," म्हणून काकू पायऱ्या उतरल्या.

त्या सोमवारी वैशाली पळत आली. आली ती इतकी जोरात की उंबऱ्याला ठेच लागली, आणि तरी हसत होती.

काकूंची मालिका! काय सांगू! तलाठीणबाईचं नाव सुमन. नवी नोकरी, हातात दप्तराची पेटी, एसटीतून उतरते तर गावात पाऊल ठेवायला जागा नाही, कारण पाटलानं कचेरीच्या खोलीत कडबा भरलाय. बत्तीस वर्षं आवक-जावकला बसून काकूंनी जिल्हाभरातले जे अर्ज, जी गाऱ्हाणी आणि ज्या लबाड्या वाचल्या होत्या, त्या सगळ्या आता बाहेर पडत होत्या. नोंदवहीतलं पान कसं फाडतात, विहीर एका रात्रीत दुसऱ्याच्या नावावर कशी जाते, साहेब आला की कोंबडी कोण कापतं. रोज पाऊण तास. मग थांबायच्या. कितीही विनवा, पुढचा शब्द नाही. फोन दाराशी परातीत ठेवायचे, हाही नवा नियम. दोन आठवड्यांत हॉल भरला. त्या दीडपटवाल्या बाईसुद्धा आल्या, आणि काकू मुद्दाम त्यांच्यासाठी हळूहळू सांगायच्या.

वैशाली घरी गेली की सासू वाट पाहत असायची. आमच्या हॉलमधून ऐकू यायचं. वैशाली सांगायची, सासू मध्ये मध्ये "हट मेल्या!" म्हणून पाटलाला शिव्या द्यायची. तीन ते चार हा तास आता त्या घरात नुसता मंजूर नव्हता, त्या तासाला सुनेला तिकडे पिटाळलं जायचं.

आणि मग मी शहाणपणा केला.

मला वाटलं, एवढी ताकदीची बाई आणि ऐकणाऱ्या फक्त दहा बायका? जगाला कळायला नको? खोटं कशाला बोलू, जगाला हे मी कळवलं असंही जगाला कळावं, असं मला वाटत होतं. परातीत मी माझा जुना, बंद पडलेला फोन ठेवायची आणि चालू फोन वातींच्या टोपलीत, कापसाखाली. सलग सहा दिवस मी चोरून रेकॉर्ड केलं. मग काकूंचा एक फोटो लावून सगळं टाकून दिलं नेटवर. चार दिवसांत ते कुठल्या कुठे गेलं. अमरावतीहून माझ्या मावसबहिणीनं मलाच पाठवलं, "ऐक गं, काय भारी बाई आहे!" म्हणून. मी हवेत होते.

पाचव्या दिवशी वैशाली आली नाही. तीन वाजून दहा मिनिटं झाली. समोरच्या खिडकीतून आवाज यायला लागला, आणि हॉलमधल्या सगळ्या बायकांनी हातातली कामं खाली ठेवली. तो काकूंचा आवाज होता. काकू तर आमच्यासमोर बसल्या होत्या, तोंड मिटून. "अन् पाटील म्हने, बाई, चाव्या द्या!" समोरच्या टीव्हीतून काकू सांगत होत्या. आणि वैशालीच्या नवऱ्याचा आनंदी आवाज, "पाह्य आई, आली का नाई घरी? आता हिले धावाची गरज नाई."

काकू माझ्याकडे वळल्या. कसं कळलं कोण जाणे. माझ्या तोंडावरच असणार ते.

"मॅडम," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. "तुमाले काय वाटलं, मले नाव पायजे होतं?"

मी म्हटलं, "काकू, मी काढून टाकते. आत्ता काढते."

"निघते का?"

निघणार नव्हतं. दहा ठिकाणी चिकटलं होतं ते. मी रडायला लागले. कुणी माझी समजूत काढली नाही आणि काढायला नकोच होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, फक्त अवलक्षण दुसऱ्याच्या पोरीला लागलं होतं.

त्याच संध्याकाळी मुंबईच्या कुठल्याशा कंपनीतून काकूंना फोन आला. आवाज द्या, गोष्ट द्या, आम्ही घराघरात पोचवू. काकू शांतपणे म्हणाल्या, "पोचली भाऊ घराघरात. म्हनून तं पोट्टी घरात कोंडली गेली." आणि फोन ठेवला. मला त्या जेवायला वाढत होत्या तेव्हा मी म्हटलं, "आता काय करायचं?" तर म्हणाल्या, "कराचं काय? कागद चुकीच्या टेबलावर गेला. मंग टेबलच उचलून न्यावं लागते."

मला वाटलं, नेहमीचं कचेरीचं काहीतरी बोलतायत.

दुसऱ्या दिवशी तीनला पाच मिनिटं कमी असताना काकूंनी हॉलमधली लाकडी खुर्ची उचलली. मी धरायला गेले तर हात झटकला. वैशाखाचं यवतमाळचं ऊन, डांबर चपलेला चिकटत होतं. डोक्यावर ओला पंचा टाकून काकू गल्ली ओलांडून गेल्या आणि वैशालीच्या दारासमोर, बरोबर पायऱ्यांच्या खाली, खुर्ची मांडून बसल्या. आम्ही बायका आपापली कामं घेऊन मागोमाग गेलो. कुणी छत्री आणली, कुणी जुन्या साडीचा आडोसा धरला.

वैशालीच्या नवऱ्याची त्या आठवड्यात रात्रपाळी होती, म्हणून दुपारी घरी होता. तो बनियनवरच दारात आला. "काकू, हे काय हो? उन्हात?"

"रस्ता नगरपालिकेचा हाये," काकू म्हणाल्या. "तू आपला टीव्ही पाह्य भाऊ."

त्यालाही चेव आला. "पाह्यतोच नं," म्हणाला, "तुमचीच सिरीयल लावतो, घ्या." आणि आत जाऊन त्यानं ती लावली, आवाज पूर्ण वाढवून. गल्लीतल्या सगळ्या घरांच्या खिडक्या उघडल्या.

आतून काकू बोलत होत्या, "अन् पाटील म्हने, बाई, चाव्या द्या! सुमनचा हात थरथरला..."

बाहेरून काकू त्याच्यापेक्षा मोठ्यानं बोलल्या, "सुमनचा हात बिलकुल थरथरला नाई! ते आतमंदी जे वाजून राह्यलं, तो कच्चा मसुदा होता. मंजूर प्रत ही हाये, ऐका!"

आम्हाला हसू फुटलं. पण काकू हसत नव्हत्या. त्यांचा गळा ताणला होता, मानेवरच्या शिरा दिसत होत्या. आतल्या काकूंना ना ऊन होतं, ना वय, ना धाप. बाहेरच्या काकू एका वाक्याला दोनदा थांबत होत्या. मला वाटलं, ही बाई इथं पडेल आणि ते माझ्यामुळे असेल. मी पाणी पुढे केलं. त्यांनी ते पिऊन ग्लास माझ्या हातात दिला, त्या दिवसात पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं, आणि परत सुरू झाल्या.

मंजूर प्रतीत सुमननं चाव्या दिल्याच नाहीत. मग पाटलानं काय करावं? त्यानं चार माणसं कचेरीच्या दारात बसवली. बाईला आत काय पाहिजे ते द्या, म्हणाला. चहा द्या, जेवण द्या, पंखा लावून द्या. फक्त बाहेर पडू देऊ नका.

गोष्ट कुठे चालली होती हे कळायला कुणी हुशार असायची गरज नव्हती. वैशालीचा नवरा रिमोट हातात घेऊन दारात उभा राहिला होता, आणि त्याच्या चेहऱ्यावरचं हसू आता गेलं होतं. सासू तिच्या खुर्चीत, एक कान आत, एक कान बाहेर. वैशाली तिच्या मागे, उंबऱ्याच्या आत.

आणि तिथनंच वैशाली एकदम बोलली. "काकू, मंग ते रडली का?"

आतल्या काकू सांगतच राहिल्या. त्यांना कुठलं ऐकू येणार? बाहेरच्या काकू मात्र थांबल्या. कपाळावरचा घाम पुसला.

"तुले काय वाटते?" त्या म्हणाल्या. "तूच सांग. मले तं इथून पुढचं माहीतच नाई."

हे खरं होतं की नाटक, ते मला आजही सांगता येणार नाही. आतून पाटील ओरडतच होता.

सासू म्हणाली, "बंद कर रे तो डबा. मले ऐकू येऊन नाई राह्यलं."

"आई, पन तेच तं..."

"ते नाई तेच. बंद कर म्हनलं न!"

टीव्ही बंद झाला.

"नाई रडली," वैशाली म्हणाली. आवाज आधी बारीक होता. "रडाले टाइम कोनाले हाये? गावचे लोक सातबाऱ्यासाठी कवापासून चकरा मारून राह्यले." ती उंबऱ्यावर आली. "ते दार लावून नाई बसली. तिनं आतून टेबल ढकलत ढकलत आनलं. दारात मांडलं. ते चार मानसं बसले होते नं, त्याइच्या मंदातच. अन् म्हने, सरका, कचेरी आता बाहीर हाये. ज्याचं काम असन त्यानं रांगेत याचं." तेवढ्यात ती पहिली पायरी उतरली होती, मग दुसरी. आपण उतरतोय हे तिला कळत तरी होतं की नाही, देव जाणे. "मंग गावचे लोक आले. पह्यले एक बुढी आली. मंग बाकीचे. ते चार मानसंबी उठले, त्याइचंबी काम होतं न वावराचं! तेबी लागले रांगेत. अन् मंग पाटील आला, बुलेटवर. म्हने, हे काय लावलं? तं सुमन मानच वर नाई करत. लिहिता लिहिता म्हन्ते, 'पाटील, मांगून या.'"

बायकांनी अशा टाळ्या पिटल्या की वातींचं ताट उलटलं. वैशाली तोवर खाली, आमच्यात, रस्त्यावर उभी होती. अनवाणी. पाय भाजत होते म्हणून एकदा या पायावर, एकदा त्या पायावर. कुणीतरी आपली चप्पल तिच्यापुढे सरकवली.

नवरा पायरीवर तसाच उभा होता. मला वाटलं, आता हा तिला आत बोलावणार. त्यानं तोंड उघडलंही. पण त्याच्या आधी सासू बोलली. ती खुर्चीतून पुढे वाकली होती, दोन्ही हात दुखऱ्या गुडघ्यांवर.

"मंग?" ती सुनेला म्हणाली. "लागला का पाटील रांगेत?"

वैशालीनं काकूंकडे पाहिलं. काकू खुर्चीला धरून उठल्या, पंचा खांद्यावर टाकला. "आज एवढंच," म्हणाल्या.

"अवं, पन पाटलाचं काय झालं?" सासू कळवळून म्हणाली. "उद्या किती वाजता हाये?"

"तीनले. माह्या घरी," काकू म्हणाल्या. "पन हिले उद्यापासून दोनले पाठवजा."

"दोनले? एक घंटा आधी कायले?"

"वैनी, आता गोष्ट तिची हाये," काकू म्हणाल्या आणि खुर्ची उचलायला मला खूण केली. "पाटलाचं काय झालं ते मलेबी आधी समजलं पायजे न."